मैदानातला देश, वेदीपुढचा देश

व्यासपीठावर दोन माणसे उभी असतात आणि दोघांच्याही हातात माईक असतो. एक जण इंग्रजीत, नाहीतर तमिळ किंवा मल्याळममध्ये वाक्य टाकतो. त्याचा श्वास संपायच्या आत दुसरा ते हिंदीत उचलतो. पहिल्याचा हात वर जातो, दुसऱ्याचाही जातो. पहिल्याचा आवाज चढतो, दुसऱ्याचाही चढतो. दुभाषी मुरलेला असला की मूळ वक्ता कोण आणि अनुवाद कोणाचा, हे मागच्या रांगेला कळेनासे होते. मिरा रोड आणि भाईंदरच्या सभागृहांत, शाळांच्या पटांगणांत भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थना मेळाव्यांचा हा नेहमीचा थाट.

मेळाव्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी कीबोर्ड, गिटार आणि ड्रमच्या साथीने स्तुतिगीते. मग साक्ष. कोणी उठून आपले व्यसन कसे सुटले, आजारातून कसे बाहेर पडलो, नोकरी कशी मिळाली ते सांगतो. मग वचन, म्हणजे बायबलवरचे प्रवचन. मग अर्पणाच्या थैल्या रांगांतून फिरतात. आणि मग मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्यासाठी मागायचे. देशाचा नंबर इथे लागतो. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, सीमेवरचे जवान, पोलीस, शेतकरी, बेरोजगार तरुण अशी यादी पुढे सरकते. पाळक खूण करतात आणि सगळी मंडळी एकाच वेळी, मोठ्याने, ज्याच्या त्याच्या भाषेत बोलू लागते. चारपाच भाषा एकमेकींत मिसळतात आणि मांडवात नुसता गजर उरतो. तो टिपेला पोचलेला असताना आयोजकांतला एखादा मात्र घड्याळाकडे बघत असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर भोंगे चालत नाहीत, आणि पोलिसांच्या परवानगीच्या कागदावर ते लिहिलेले असते.

देशासाठी प्रार्थना ही काही अलीकडे बाहेरून आलेली टूम नाही. सेंट पॉलने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातच राजे आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करण्याची सूचना आहे, आणि ती रोमन साम्राज्यात राहणाऱ्या लोकांना केलेली आहे. राज्यकर्ता आपल्या धर्माचा असावा अशी अट तिथे नाही. त्यामुळे सरकार कोणाचेही असो, रविवारच्या उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना होतेच. प्रश्न निराळा आहे. देशाचे नाव घेऊन नेमके मागायचे काय? मिरा-भाईंदरमध्ये या प्रश्नाची दोन उत्तरे मिळतात, आणि त्यांतले दुसरे ऐकायला भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरावी लागते.

स्टेशनची गर्दी मागे पडली की मिठागरे लागतात. मग राई, मुर्धे, मोर्वा ही आगरी गावे. पुढे डोंगरी आणि तारोडी, आणि शेवटी समुद्राला टेकलेली उत्तन, पाली आणि चौक. डोंगरीत अवर लेडी ऑफ बेथलेहेम, उत्तनला अवर लेडी ऑफ द सी, आणि किनाऱ्यावर वेलंकनी मातेचे तीर्थस्थान. इथले कोळी ख्रिस्ती पोर्तुगीज काळापासूनचे. त्यांच्या घरात मराठीची किनारपट्टीवरची बोली, ताटात बोंबील आणि वयस्क बायकांच्या अंगावर लुगडे. मिरा रोडचे ख्रिस्ती वेगळे. वांद्रे-अंधेरीत जागा परवडेना म्हणून इकडे सरकलेली गोव्याची आणि मंगळूरची कोकणी कुटुंबे, मल्याळी, तमिळ, उत्तर भारतीय. कॅथलिकांमध्येही लॅटिन रीतीचे आणि केरळच्या सिरो-मलबार रीतीचे निराळे, आणि त्या दुसऱ्यांसाठी १९८८ पासून कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत. शिवाय प्रोटेस्टंट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या, ज्यांतल्या काही सोसायटीच्या गाळ्यात भरतात. २०११ च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांवर होती. महानगरपालिका झाली २००२ मध्ये. त्याआधीची नगरपरिषदही १९८५ चीच. शहर कालचे आणि चर्च शतकांपूर्वीची, असा हा हिशेब.

चौकच्या टेकडीवर धारावी किल्ल्याच्या जागी चिमाजी अप्पांचा पुतळा आहे. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी हा किल्ला लढून घेतला आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. पोर्तुगीज गेले, इथले ख्रिस्ती राहिले. तहात त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती, आणि पुढे भूमिपुत्र धर्मगुरूंनी ही गावे सांभाळली. त्याच परिसरात आज संघविचारांची केशवसृष्टी आणि रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. पलीकडे गोराईत २००९ साली राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते खुला झालेला विपश्यना पॅगोडा सोनेरी चमकतो. देशाचा विचार करणारी इतकी ठिकाणे इतक्या थोड्या जागेत क्वचितच सापडतील.

या गावांत देशासाठीच्या प्रार्थनेचा मोठा दिवस म्हणजे १५ ऑगस्ट. कॅथलिक पंचांगात ही तारीख मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची, आणि भारतात स्वातंत्र्य मिळण्याच्या कितीतरी आधीपासूनची. पोप पायस बारावे यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी स्वर्गोन्नयन हा श्रद्धासिद्धांत म्हणून जाहीर केला, तेव्हा भारतातल्या कॅथलिकांचे त्या तारखेचे चार स्वातंत्र्यदिन पाहून झाले होते. या दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणे बंधनकारक, आणि मिस्सानंतर चर्चच्या आवारात झेंडावंदन. पांढऱ्या झग्यातला धर्मगुरू, गणवेशातली शाळकरी पोरे, छातीवर कागदी तिरंगा टाचलेल्या आज्या आणि ऑगस्टचा चिखल चुकवत उभे राहिलेले बाप्ये असा जमाव राष्ट्रगीताला ताठ होतो.

त्याआधी मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थना होतात, आणि तिथे थोडे थांबून बघण्यासारखे आहे. प्रवचन आणि श्रद्धेची कबुली झाली की लोकांमधून चारपाच जण एकामागून एक पुढे येतात. हातात चिठ्ठी. कधी शाळेतली मुलगी, कधी महिला मंडळाची बाई, कधी मच्छीमार संस्थेचा पदाधिकारी. प्रत्येकाने एक विनंती वाचायची आणि सगळ्या चर्चने ठरलेला प्रतिसाद द्यायचा. क्रम साधारण असा: आधी धर्मसभेसाठी, मग देशासाठी आणि राज्यकर्त्यांसाठी, मग दुःखितांसाठी, शेवटी गावासाठी. हे वाचन दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात, पुन्हा सुरू झाले. त्याआधी कित्येक शतके मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा आणि लोक आपले जपमाळेचे मणी ओढत बसायचे. कोळणीला वेदीजवळच्या माईकवर मराठीत देशासाठी काही मागता येऊ लागले ते परिषदेनंतर.

चिठ्ठी छोटी असते, पण ती लिहिणाऱ्याला निवड करावी लागते. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीनंतर बोटी नुकत्याच पाण्यात गेलेल्या असतात. हंगामाच्या तोंडावर धर्मगुरूंनी बोटींवर पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद दिलेला असतो. खोल पाण्यात गेलेल्या नाखवा-खलाशांची घरे समोरच्या बाकांवर बसलेली असतात. अशा जागी देश म्हटला की त्यात डिझेलचा भाव येतो, वादळाचा इशारा येतो आणि बंदी असूनही एलईडी दिवे लावून होणारी मासेमारीही येते.

मैदानातल्या मेळाव्याशी ताडून बघितले की फरक दिसतो. तिथे हजार माणसे असतात. त्यांचा धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, एक नसतो, भाषा एक नसते, घरमालकाशी असलेले भांडणही एक नसते. सगळ्यांना उच्चारता येईल असे काहीतरी मागावे लागते: शांती, समृद्धी, चांगले नेतृत्व. मांडव वाढत जातो तशी मागणी मोघम होत जाते. हा दोष पाळकांचा नव्हे, संख्येचा आहे. तरीही महाराष्ट्राच्या इतिहासात संख्या आणि नेमकेपणा दोन्ही साधलेली एक प्रार्थना आहे.

ती झाली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या सुरुवातीला रोज सकाळी सत्तरएक जणी प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली, आणि दिवसातून दोनदा बैठक होऊ लागली. १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, विधवा आणि टाकलेल्या बायका यांचा हा जमाव होता. जूनअखेरीस तिथे जे पुनर्जागरण झाले त्याचे वर्णन मुक्तीतल्या मिशनरी मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली पुस्तिकेत केले. ती पुस्तिका चिलीपर्यंत गेली आणि तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने ठिणगी दिली. लॉस एंजलिसच्या ज्या अझुसा स्ट्रीटचे नाव पेंटेकोस्टल इतिहासात पहिले घेतले जाते, तिथल्या सभा १९०६ च्या. केडगाव त्याच्या वर्षभर आधीचे. मुक्तीतल्या बायका ‘भारताचे कल्याण कर’ एवढ्यावर थांबत नव्हत्या. त्यांच्याकडे याद्या असायच्या, आणि हजारो माणसांसाठी एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना व्हायची. हे घडवणाऱ्या रमाबाई १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून बसलेल्या बाई होत्या, हेही लक्षात घ्यावे.

मोठ्या मैदानाचे गणित मात्र मुंबईने वारंवार फिसकटताना पाहिले आहे. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहम मुंबईत उतरले. तेवढ्यात मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, संयुक्त महाराष्ट्राचा भडका उडाला, गोळीबार झाले. ग्रॅहम यांची मुंबईतली मोठी सभा रद्द करावी लागली आणि ते दक्षिणेकडे गेले. जगभर स्टेडियम भरवणारा माणूस इथे भाषेच्या प्रश्नापुढे थांबला.

आठ वर्षांनी त्याच मुंबईत ३८ वी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस हे तेव्हा मुंबईचे आर्चबिशप होते. २ डिसेंबर १९६४ रोजी पोप पॉल सहावे सांताक्रूझला उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदानावरचे विधी पाहायला सगळ्या धर्मांचे लोक लोटले. इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातल्या प्रार्थनेचा आधार घेतला. जाताना आपली पांढरी लिंकन गाडी मदर तेरेसांना दिली. मदरनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. पण याच परिषदेची तयारी चालू असताना ऑगस्ट १९६४ मध्ये पवईच्या सांदीपनी आश्रमात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, आणि अभ्यासक या दोन घटनांचा संबंध जोडतात. एकाच प्रार्थनेकडे एका बाजूने सौहार्द म्हणून आणि दुसऱ्या बाजूने आव्हान म्हणून बघितले गेले. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे शिवाजी पार्कवर आले तेव्हाही दोन्ही नजरा हजर होत्या.

गर्दी न जमवताही हे घडते. मे २०१८ मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कूटो यांनी आपल्या चर्चना पत्र लिहिले. देशातले राजकीय वातावरण अशांत आहे, निवडणुकीला वर्ष उरले आहे, तेव्हा १३ मेपासून देशासाठी प्रार्थना आणि शुक्रवारी उपवास करा, असे त्यात म्हटले होते. पत्र धर्मप्रांतापुरते होते. ते वाहिन्यांवर पोचले आणि केंद्रीय मंत्र्यांपर्यंत सगळे त्यावर बोलू लागले. मागणीत ‘शांती’ एवढाच शब्द असता तर कोणी ढुंकून पाहिले नसते. वातावरण अशांत असल्याचे म्हटले, तिथे प्रार्थनेची बातमी झाली. पुढे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २२ मार्च हा देशासाठी प्रार्थना आणि उपवासाचा दिवस पाळायला सांगितले. शुक्रवार होता, उपवासकाळ होता, त्यामुळे चर्चमधले लोक तसेही जमणारच होते. त्याआधी ७ मे २०२१ रोजी कोविडच्या दुसऱ्या लाटेत कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि इव्हँजेलिकल संघटनांनी एकत्र दिवस पाळला. तेव्हा चर्चना कुलुपे होती आणि प्रार्थना मोबाईलच्या पडद्यावर झाली. ऑक्सिजन, खाटा, परिचारिका अशी मागणी होती, आणि ती मोघम ठेवणे कोणालाच शक्य नव्हते.

मिरा-भाईंदरला धार्मिक गर्दीची सवय आहे आणि धास्तीही. मार्च २०२३ मध्ये मिरा रोडला धीरेंद्र शास्त्रींचा दरबार भरला, तेव्हा विरोध, परवानगी आणि बंदोबस्त यांवरून राज्यभर चर्चा झाली. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी, नयानगरात दोन गट भिडले आणि पुढचे काही दिवस शहर पोलिसांच्या गराड्यात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाला मांडव, मिरवणूक आणि मेळावा यांचे अर्ज आता जपून वाचावे लागतात. ख्रिस्ती मेळाव्यावर धर्मांतराचा संशय घेणारे निराळेच. जुलै २०२५ मध्ये धर्मगुरूंविषयीच्या एका आमदाराच्या वक्तव्यानंतर ख्रिस्ती समाज आझाद मैदानावर हजारोंनी उतरला. तिथेही प्रार्थना झाली, घोषणाही झाल्या. सांघिक प्रार्थना आणि निदर्शन यांच्यातली सीमा अशा वेळी पुसट होते. आयोजकांना ती कळते. म्हणूनच बंद सभागृहातल्या मेळाव्यात देशासाठी प्रार्थना करताना राजकारणाचा उल्लेख टाळण्याकडे कल असतो.

आणि त्याच जुलैत मिरा रोडवर भाषेचे रण पेटले. मराठी न बोलण्यावरून दुकानदाराला मारहाण, व्यापाऱ्यांचा बंद आणि मग ८ जुलैचा मराठीचा मोर्चा, त्यातली धरपकड आणि मोर्चात आलेल्या मंत्र्याला ऐकावी लागलेली घोषणाबाजी, हे सगळे वाहिन्यांनी दिवसभर दाखवले. शहरातल्या ख्रिस्ती माणसाची यात पंचाईत होती. मिरा रोडच्या चर्चमध्ये जाणाऱ्या कोकणी-मल्याळी कुटुंबाला इंग्रजी मिस्सा सोयीचा. उत्तनच्या कोळ्याला मराठीवाचून देव ऐकेल असे वाटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे, रेव्हरंड टिळकांची भजने शंभर वर्षांपूर्वीची. उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे २०२० साली अध्यक्षपद भूषवलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो खाडीपलीकडच्या वसईचे. मराठी ख्रिस्ती माणसाला मराठीपणाचा दाखला आणायला कुठे जावे लागत नाही. तरी मिरा रोडच्या मेळाव्यात भाषांतर मुख्यतः हिंदीत होते आणि मराठी श्रोत्याने ते चालवून घ्यावे, असे गृहीत धरलेले असते. काही मंडळ्या मराठी उपासना वेगळी ठेवतात. मोठ्या मेळाव्याला मात्र एकच दुभाषी परवडतो.

उत्तनच्या लोकांना देशाशी बोलायचे आहे ते आणखी वेगळ्याच विषयांवर. शहराचा कचरा धावगीच्या डोंगरावर येऊन पडतो. त्याला आग लागली की धूर गावात, पाऊस पडला की घाण पाणी शेतात. वर्षानुवर्षे निवेदने, मोर्चे आणि कोर्टाच्या फेऱ्या चालू आहेत. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी डोंगरीतली हजारो झाडे तोडायचा प्रस्ताव आला, त्यालाही गावकऱ्यांनी विरोध केला. आणि मग वाढवण. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी डहाणूजवळच्या या बंदराला मंजुरी दिली. खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. डहाणूपासून मुंबईपर्यंतचा हा पट्टा मच्छीमारांचा सोन्याचा पट्टा. वसई-अर्नाळ्यापासून उत्तनपर्यंतच्या कोळ्यांच्या संघटना, त्यांत ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही, या बंदराच्या विरोधात उभ्या राहिल्या.

सरकारच्या कागदात बंदर राष्ट्रहिताचे आहे. चर्चमध्ये राष्ट्रासाठी प्रार्थना आहे. दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या कानावर पडतात, आणि त्या माणसाची डोलीची जाळी त्याच समुद्रात लागलेली असते. १५ ऑगस्टला झेंडावंदन करणारे हात दुसऱ्या एखाद्या दिवशी काळे झेंडे घेऊन बंदरावर जातात. त्यात त्यांना विसंगती वाटत नाही, कारण राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे आणि त्यांचे म्हणणे मान्य करणे ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे आहेत. पॉलच्या पत्रातही ती एक केलेली नाहीत.

मिरा रोडच्या मेळाव्यात वाढवणचे नाव घेतले तर निम्म्या खुर्च्यांना ते कुठे आहे हे विचारावे लागेल. कचऱ्याच्या डोंगराचे नाव घेतले तर तो कचरा आपल्याच सोसायटीतून जातो, हेही आठवेल. उत्तनच्या धर्मग्रामाला हे प्रश्न मांडवात पोचवायचे असतील तर एखादा कोळी, मराठीत, चिठ्ठी घेऊन त्या व्यासपीठावर चढावा लागेल, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दुभाष्याला बोंबील, डोल आणि बोंबील वाळवायची वलांडी यांचे हिंदी करावे लागेल.